रानकंदाची लेक

मेली मिसिसिपी धड गोठतही नव्हती आणि धड वाहतही नव्हती. पाण्यात बर्फाच्या लाद्या तरंगत होत्या आणि होडीवाला म्हणत होता, थांबा. संगिनी रोखून चेरोकींना गावातून पश्चिमेकडं हाकललं, तेव्हा गोऱ्या शिपायांनी चुलीवरची हंडी उतरवायलासुद्धा थांबू दिलं नव्हतं.

पलीकडचा काठ आपल्या नशिबात नाही, हे वालिनीला कळून चुकलं होतं. खोकल्यातून रक्त पडत होतं. मरणाचं भय तिला नव्हतं. काळजी होती ती घोंगडीत बिलगलेल्या नातीची, सलालीची. पोरीची आई, वालिनीची लेक, उन्हाळ्यातच शिपायांच्या छावणीच्या कुंपणात वारली. चेरोकी पोर आईच्या कुळाचं. कुळातली एकही बाई उरली नाही तर पोरीला घर कुणाचं, आणि सभाघरात तिनं बसायचं तरी कुठल्या कुळाच्या बाकावर?

म्हणून म्हातारी पोरीला ओढत शेकोट्या धुंडाळत होती. "रानकंदाच्या कुळाचं आहे का गं कुणी?"

"आम्ही लांडग्यांचे, आजी."

"आम्ही पक्ष्यांचे."

शेवटच्या शेकोटीशी ऐल्सी बसली होती. कालच तिनं आपलं तान्हं वाटेत पुरलं होतं.

"मी हरणांची," ती खेकसली. "पुढं हो, म्हातारे. दारोदार पोर फिरवतेस, लाज नाही वाटत?"

"लाज कसली घेऊन बसलीस, बाई! मी मरतेय!" वालिनी ओरडली आणि तिथंच कोसळली.

सलालीनं भोकाड पसरलं. ऐल्सीनं तिला शालीत ओढलं, हातातला मक्याच्या भाकरीचा तुकडा दिला. पोरगी अधाशासारखी खात होती. ऐल्सी बघत राहिली.

"मी रानकंदाचीच," ती म्हणाली. "मघाशी उगाच तसं म्हटलं."

"खोटारडे!" वालिनी भडकली. "तुझी आई जन्मभर हरणांच्या बाकावर बसली, मी काय आंधळी होते? कुळाबद्दल खोटं बोलतेस? लोक हिला तुझ्यासारखी हरणांचीच धरतील, आणि उद्या ही पोर आपल्याच कुळातल्या भावाशी लग्न लावून बसेल!"

"मग घे मला तुझ्या कुळात. म्हाताऱ्या बायका घेतात ना?"

"सगळ्या मिळून ठरवतात, अग्नीसमोर. मी एकटी..." बोलता बोलता वालिनीनं आल्या वाटेकडं पाहिलं. सगळ्या त्या वाटेवरच राहिल्या होत्या. तिला भडभडून आलं.

"आणि तुझं लेकरू?" तिनं हळूच विचारलं. "ते हरणांचं म्हणून गेलं ना गं? तू कूळ बदललंस तर त्याचं काय?"

ऐल्सीनं सलालीभोवती शाल आवळली. "ते राहील हरणांचंच. मी येते तुझ्यात."

वालिनीनं तिचं मनगट घट्ट धरलं, शेकोटीकडं तोंड केलं. "सगळ्यांच्या वतीनं मीच सांगते. ही माझी लेक."

तेवढ्यात होडी काठाला लागली. "पायांवर उभे राहतील तेवढेच चढा!" होडीवाला ओरडला. वालिनीनं उठून पाहिलं, पाय धरेनात. ऐल्सीनं सलालीला कडेवर घेतलं. पोर हातपाय झाडत आजीच्या नावानं किंचाळत होती.

"रानकंदाच्याच बाकावर बसव हो तिला!" वालिनी मागून ओरडली.

"कुठं बसायचं ते कळतं मला, आई," ऐल्सी म्हणाली आणि मागं न बघता होडीत चढली.