मागचा डावा

“पळव परत,” नालबंद म्हणाला, “आणि दोर सैल सोड. मान तिची तिला हलवू दे.”

मुलीनं घोडी वळवली आणि फरशीवरून पुन्हा दुडकी पळवत आणली. घाऱ्या डोळ्यांची म्हणून घोडीचं नाव घारी. पुढचा उजवा पाय टेकला की तिचं डोकं खाली जायचं, डावा टेकला की वर. नालबंद ऐरणीपाशी, घोडीच्या समोर उभा होता. चाळीस वर्षं तो तिथूनच बघत आला होता. गुडघे कुरकुरायला लागल्यापासून तर तिथून हलायचं नावच नको.

“पुढचा डावा,” त्यानं निकाल दिला. “खुराला मार बसलाय.”

“बाबा, मला मागचा डावा वाटतो. वर बसलं की त्या बाजूनं जोरच येत नाही. उडीच्या आधी पाठ ताठ करते. एकदा मागून बघा ना.”

“तू जन्मायच्या आधीपासून मी घोड्यांच्या पायाशी बसतोय.”

झालं! या वाक्यापुढे आजवर कुणाचं काही चाललं नव्हतं. दोघं एकाच रायडिंग स्कूलमध्ये, मुलगी तिथली ट्रेनर. बाहेर जाऊन रीतसर शिकून आलेली, घोड्याचं हाडन् हाड तोंडपाठ. पण घरात काय आणि पागेत काय, बापाचा शब्द शेवटचा. मॅनेजरसुद्धा डॉक्टरला फोन करायच्या आधी नालबंदाला विचारायचा. आणि खोटं कशाला बोला, म्हातारा दहातून नऊ वेळा बरोबर निघायचा. ही दहाव्या वेळेची गोष्ट.

मॅनेजर आलाच तेवढ्यात. “काका, रविवारी स्पर्धा आहे. घारी उभी राहील का? की डॉक्टरला बोलावू?”

“डॉक्टर कशाला? नालाखाली चामड्याची गादी घालतो. चार दिवस बांधून ठेवा, पळेल.”

“साहेब, तिला महिनाभर तरी विश्रांती हवी,” मुलगी म्हणाली. “मागचा सांधा तपासून घेऊ या.”

मॅनेजरनं नालबंदाकडे पाहिलं. नालबंदानं नुसती ‘नको’ अशी मान हलवली आणि मुलगी घारीला घेऊन पागेकडे वळली. वडिलांना चारचौघांत खोटं पाडायची तिला सवय नव्हती.

चार दिवस बांधून ठेवलं तर कुठल्याही दुखऱ्या जनावराला आराम पडतो. घारीलाही पडला. शनिवारी मान पुष्कळच कमी हलत होती. “बघितलंस?” म्हातारा असा खुशीत आला की विचारू नका.

रविवारी घारीवर मुलगीच बसली होती. तिसऱ्या उडीला घारी गेली. घोड्याला उडी मारायला पुढचे पाय लागतात असं बघणाऱ्याला वाटतं. लागतात ते मागचे. सगळा जोर तिथून यायचा असतो, पुढच्यांनी फक्त झेलायचं. घारीनं जोर घेतला तो एकाच पायावर, वाकडी उठली, दांडीत अडकली आणि पलीकडे आदळली. मुलगी दूर फेकली गेली. घारी उठायला गेली तेव्हा तिचा पुढचा पाय ढोपराखाली नुसता लोंबत होता.

डॉक्टर आला. घोड्याचा असा मोडलेला पाय जुळत नाही. ताडपत्रीचा आडोसा धरला. नालबंद घोडीचं डोकं मांडीवर घेऊन बसला, इंजेक्शनचा अंमल चढून डोळे थिजेपर्यंत. गळ्याजवळचं हाड मोडलेलं असूनही मुलगी तोवर दवाखान्यात जायला तयार झाली नाही.

सोमवारी ती हात गळ्यात बांधून मॅनेजरकडे जाऊन आली.

“काय म्हणाला?”

“चूक घोडेस्वाराची, असं अहवालात लिहितायत. उडीचा इशारा उशिरा दिला म्हणून. मी हो म्हटलंय.”

“हो म्हटलंस? तुझी नोकरी जाईल, वेडे!”

“मला दुसरी मिळेल बाबा. तुमच्याकडे या वयात तुमच्या शब्दाशिवाय दुसरं काय आहे? तुम्ही मध्ये पडू नका.”

म्हाताऱ्याला ते फार लागलं. शिवी दिली असती तरी एवढं लागलं नसतं. तो उठून पागेत आला. जुने नाल तो घोड्यागणिक तारेत ओवून खुंटीला अडकवून ठेवायचा, मोडीत जाईपर्यंत. घारीची तार त्यानं खाली काढली, नाल फरशीवर पायांप्रमाणे मांडले आणि उकिडवा बसून एकेक हातात घेतला. पुढचे ठीक होते. मागचे उजवे ठीक होते. मागचे डावे तिन्ही पुढच्या टोकाला झिजून पात्यासारखे झाले होते. घोडी कित्येक महिने तो पाय उचलत नव्हती, घासत होती. आणि हे नाल दुसऱ्या कुणी नाही, त्यानंच उपटले होते, याच हातांनी. एकदा तर ‘हल्ली लोखंडच हलकं येतं’ म्हणून लोखंडवाल्याला चार शब्द सुनावलेही होते.

तिन्ही नाल घेऊन तो तडक मॅनेजरच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला.

“दुडकीत घोडा तिरके दोन पाय एकदम टेकतो, साहेब. मागचा डावा आणि पुढचा उजवा. मागचा डावा दुखत असला की वजन पुढे फेकतो, मान उजव्यावर खाली जाते. समोरून बघणाऱ्याला वाटतं, पुढचा डावा वाचवतोय. ही नवशिक्याची चूक आहे. मी केली. पोरगी मागून बघा म्हणत होती.”

मॅनेजरनं नाल कागदांवरून बाजूला सरकवले. “काका, घोडी गेली. आता हे उकरून काय मिळणार? तिनं कबूल केलंय.”

“ती खोटं बोलली.”

“मग तुम्हाला ठेवता येणार नाही मला. कळतंय ना?”

“कळतंय. पण लिहा. माझ्यासमोर लिहा.”

मॅनेजरनं लिहिलं. म्हाताऱ्यानं ते दोनदा वाचलं आणि खाली सही केली.

दोन महिन्यांनी मुलगी पुन्हा कामावर जायला लागली. पहिल्या दिवशी परतली तेव्हा तो दाराशीच खुर्ची टाकून बसला होता.

“नवा नालबंद कसा आहे?”

“बरा आहे. तरुण आहे.”

“मागून बघतो का?”

“बघतो. मी सांगितलंय तसं.”

“बरं झालं.” पण त्याला राहवेना. “त्या काळ्या घोड्याचं म्हणशील तर त्याच्या उजव्या खुराला जरा...”

“बाबा,” ती हळूच म्हणाली, “ते आम्ही बघू.”

“हो, हो. बघा,” म्हातारा म्हणाला. मग उठला आणि तिच्या दुखऱ्या खांद्यावरची पिशवी, तिला धक्का लागू न देता, उतरवून घेतली.