दोन मुकी बटणं

खिडकी लावायच्या निमित्ताने ती नवऱ्याच्या खुर्चीमागे गेली आणि जाता जाता त्याच्या फोनचा आवाज हळूच कमी केला.

"आवाज का गेला गं?" तो म्हणाला.

"फोन म्हातारा झालाय तुझा."

"छे, ठणठणीत आहे. तुझं ॲप लावल्यापासून तापतसुद्धा नाही."

हेच तर दुखणं होतं. ग्रंथालयाचं हे ॲप तिनेच आखलं होतं. ज्यांना दिसत नाही त्यांना नुसतं ऐकून ते वापरता यावं, हा हट्ट तिचा. जुन्या फोनवरही चालावं म्हणून चित्रं गाळ, हलती पानं गाळ, असं करत ते हलकं केलं तिनेच. "लोकांना चांगले फोन कचऱ्यात टाकायला लावील असं ॲप मी करणार नाही," असं साहेबांना ठणकावून आली होती. आता भोगा! पूर्वी जड ॲपपायी दुपारीच मान टाकणारा नवऱ्याचा फोन आता दिवेलागणीपर्यंत टिकायचा आणि फोनमधली ती बाई तोवर त्याला पुस्तकं वाचून दाखवायची.

त्याचे डोळे गेल्यापासून हे काम तिचं होतं. सकाळी कामावर जायच्या आधी एक प्रकरण. खुनाच्या कादंबऱ्या, खुनी कोण यावरून दोघं तावातावाने भांडायचे. परवा ती पुस्तक घेऊन बसली तर तो म्हणाला, "अगं, ते संपलं की. माळ्याने मारलं." तिने पुस्तक टेबलावर आपटलं.

"स्वतःच्या हाताने घरात सवत आणलीस बाई," मटार सोलता सोलता सासूबाई हसल्या.

तिला हसू आलं नाही. नुसता जळफळाट होत होता. एका यंत्राच्या आवाजाचा हेवा! सांगायचं तरी कोणाला?

मग तिने नको ते केलं. चाचणीसाठी मोजक्या वाचकांना दिलेल्या त्या ॲपमध्ये 'पुढचं पान' आणि 'पुस्तक परत करा' ही दोन बटणं शेजारीशेजारी होती. फोनला वाचता यावीत म्हणून दिलेली त्यांची नावं तिने पुसून टाकली. आता बोट ठेवलं की फोनमधली बाई नुसतं "बटण" म्हणून गप्प. चुकीचं दाबलं की पुस्तक परत.

"अगं, इकडे ये जरा," दुसऱ्याच सकाळी हाक आली. "यातलं पुढचं पान कुठलं?"

"डावीकडचं. आण इकडे, मीच वाचते."

रोज तीच हाक, रोज तेच उत्तर. इतका हुशार माणूस, पण एवढं लक्षात राहत नाही, याचं तिला नवल वाटे. आणि आनंदही.

मग एक दिवस ऑफिसात साहेबांनी सगळ्यांसमोर एका आजींचा निरोप ऐकवला. त्याही चाचणीतल्या वाचक.

"बाळांनो, दोन बटणं बोलत नाहीत. चुकून पुस्तक परत गेलं, ऐन रंगात आलं होतं. आणि माझ्या घरी विचारायला कोणी नाही हो."

तिचे कान तापले. "माझ्याकडून राहिलं," ती कशीबशी म्हणाली. जेवायलाही न उठता तिने दोन्ही नावं परत घातली.

दुसऱ्या सकाळी ती ओट्याशी उभी होती, सासूबाई शेजारी शेंगा सोलत बसल्या होत्या. बाहेरच्या खोलीत फोन वाचत होता. पान संपलं.

"पुढचं पान. बटण," फोनमधली बाई खणखणीत आवाजात म्हणाली.

झालं. तिने पुसलेलाच ओटा पुन्हा पुसायला घेतला. बाहेर मात्र पुढचं पान सुरू होईना.

"अगं," हाक आली, "इकडे ये जरा. यातलं पुढचं पान कुठलं?"

सासूबाईंचे हात थांबले. त्यांनी सुनेकडे पाहिलं आणि पुन्हा मान खाली घालून शेंगा सोलू लागल्या.

ती हात पुसत बाहेर गेली, खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसली.

"डावीकडचं," ती म्हणाली. "आण इकडे."