तुला नाही गं

घरात सगळ्यांत मोठी असून आत्याला सगळे 'धाकटी' का म्हणतात, हे भाचीला कधी कळलं नव्हतं. तिचे वडील आणि काका आत्याच्या पाठचे, तरी दोघेही "धाकटे, जरा इकडे ये" अशीच हाक मारायचे. लहानपणी भाचीने खोदून खोदून विचारलं, तर आत्या म्हणायची, "मी म्हातारी होऊ नये म्हणून!" आणि विषय तिथेच मिटायचा.

आता ती धाकटी ऑपरेशन थिएटरच्या दाराशी स्ट्रेचरवर पडली होती. गळ्यात थायरॉईडची गाठ, बाहेरून लिंबाएवढी दिसणारी, पण आत श्वासनळीला रेटणारी. कित्येक आठवडे आत्या उशांना टेकून बसूनच झोपत होती. तिच्या श्वासाची बारीक शिट्टी शेजारच्या खोलीत ऐकू यायची. शिट्टी वाजत राहिली, की भाचीचा डोळा लागायचा; थांबली, की ती ताडकन उठून बसायची. किती हेलपाटे घातले तेव्हा कुठे आजची तारीख मिळाली होती. सर्जननी आत्याच्या गळ्यावर शाईने बाण काढला होता आणि जाता जाता सांगितलं होतं, "आवाजाची नस गाठीला चिकटून जाते. जपूच आम्ही, पण आवाज बसूही शकतो."

जमिनीवर पिवळी पट्टी होती. नातेवाइकांनी तिच्या अलीकडे थांबायचं. पट्टीच्या पलीकडून सिस्टरने विचारलं, "मावशी, तुमचं पूर्ण नाव सांगा."

आत्या छताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मनगटावर पट्टा बांधलाय की. वाच."

"वाचता येतं हो मला," सिस्टर हसली. "पण तुमच्या तोंडून हवं. मी वाचून दाखवलं, की इथे आलेला माणूस भीतीने कुठल्याही नावाला मान डोलावतो. सांगा बरं."

आत्याने ओठ घट्ट मिटले.

भाची पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करायची. बाटलीवर नाव नसेल, तर आतलं पाणी कितीही नितळ असो, ते ती सरळ बेसिनमध्ये ओतून द्यायची. परवाच एक बाटली ओतली होती. सिस्टर थांबलेली. आतून कुणीतरी भांडी सरकवल्याचा आवाज आला आणि भाचीला राहवलं नाही. तिने आत्याचं नाव बोलून टाकलं.

सिस्टरने पेन खाली ठेवलं. "झालं! ताई, आता त्यांनी तेच सांगितलं तरी मी कसं धरू? आता भूलतज्ज्ञ मॅडम विचारतील. आत नेऊन, दार लावून."

मॅडमनी दारातून डोकं बाहेर काढलं. "काय अडलंय? पुढचा पेशंट तयार बसलाय. नसेल होत, तर यांना वॉर्डात पाठवा."

"आणि नवीन तारीख?" भाचीने विचारलं.

"ती खिडकीवर मिळेल. कधीची मिळेल, ते मी नाही सांगू शकत." मॅडमनी आत्याकडे बघितलं, मग भाचीकडे. आवाज जरा उतरला. "बोला त्यांच्याशी. पण नाव सांगायचं नाही."

सिस्टरने नजर दुसरीकडे वळवली. भाची पिवळी पट्टी ओलांडून स्ट्रेचरवर वाकली.

"आत्या, काय चाललंय तुझं? नाव विसरलीस?"

"विसरायला ते माझं कुठंय?" आत्या कुजबुजली. शिट्टी शब्दांच्या मधे मधे वाजत होती. "माझ्याआधी एक बहीण होती. चार वर्षांची होऊन गेली. मी झाले, तेव्हा तिचंच नाव मला दिलं. एकदा आई मागच्या खोलीतून त्या नावाने हाका मारत होती. मी 'ओ' देत धावत गेले. आई तिचा फ्रॉक मांडीवर घेऊन बसलेली. मला बघून म्हणाली, 'तुला नाही गं.' तेव्हापासून मी धाकटी."

भाचीने आत्याच्या खांद्यावरची चादर सारखी केली.

"त्या नावाचं एक माणूस गेलंय, बाळा. आता बेशुद्ध व्हायच्या आधी तेच नाव सांगू? जमायचं नाही मला. वॉर्डात ने."

"ही शिट्टी घेऊन परत घरी?" भाचीचा आवाज चढला. "बरं, मला एवढंच सांग. ऑपरेशन झाल्यावर मी या दाराशी येऊन कुणाला मागू?"

"आत्या म्हण की."

"इथली प्रत्येक बाई कुणाची तरी आत्या आहे! चुकून भलतीच गळ्यात मारतील माझ्या."

आत्याच्या पोटात हसू हललं आणि खोकला आला.

"वसतिगृहात मी तापाने फणफणले होते," भाची घाईघाईने म्हणाली, "तेव्हा तिथल्या बाईंनी विचारलं, घरून कुणाला बोलावू? मी तुझं नाव सांगितलं. त्या नावाने तूच आलीस. मला तर ते दुसऱ्या कुणाचं माहीतच नाही."

"झालं का?" मॅडमनी विचारलं. स्ट्रेचर आत गेलं आणि दार लागलं.

दाराला गोल काच होती. भाचीने काचेला नाक लावलं. मॅडम वाकल्या. आत्याचे ओठ हलले नाहीत. मॅडमनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. सिस्टरने स्ट्रेचरचा दांडा धरला, बाहेर ओढायला की आत ढकलायला, कळेना. भाचीच्या श्वासाने काच धुरकट झाली. तिने बाहीने पुसली. तेवढ्यात आत्याचा हात गळ्यावरच्या बाणापाशी गेला, तिथेच थांबला, आणि ओठ हलले. सिस्टरने तिचं मनगट उचललं, पट्ट्यावरून बोट फिरवत वाचलं आणि मान हलवली. स्ट्रेचर आतल्या दाराकडे निघालं.

पुढचे तास भाचीने बाकावर न बसता काढले. दार उघडलं, की ती पुढे व्हायची; दर वेळी दुसऱ्याच कुणाचे नातेवाईक पुढे जायचे. शेवटी तीच सिस्टर आली. "गाठ निघाली. पण जाग यायला उशीर करतायत. आवाज आहे का तेही बघायचंय. चला, हाक मारा."

खोलीत ओळीने खाटा होत्या. गळ्याला बँडेज, तोंडावर मास्क. शिट्टी वाजत नव्हती. सवयीने भाची ताडकन पुढे झाली, मग तिला आत्याची छाती वर-खाली होताना दिसली.

"आत्या."

शेजारच्या खाटेवरच्या बाईने डोळे उघडले.

"नावाने मारा हो," सिस्टर म्हणाली.

मोठ्या माणसाला तोंडावर नावाने हाक मारायची भाचीला लाज वाटली. तिने हात धरला, वाकली आणि नुसत्या नावाने हाक मारली. काही नाही. सिस्टर पुढे सरकली. भाचीने पुन्हा मारली, दुसऱ्या खोलीतून मारावी तशी, मोठ्याने.

आत्याच्या पापण्या थरथरल्या. मास्कच्या आतून, घोगरा आणि फाटका, पण आवाज आला.

"ओ."