सूपभर ज्वारी

ताईबाईची चार पोरं पाळण्यातच गेली. पाचवा झाला तेव्हा सासूने रीतीप्रमाणे सूपभर ज्वारी घेऊन त्याला शेजारच्या सुंदरबाईला विकला. यमाला चकवायचं तर पोर दुसरीचं दिसायला हवं. नाव ठेवलं भिकन. चारचौघांत तो सुंदरबाईला माय म्हणायचा आणि जन्मदातीला काकी. ताईबाईला ते झोंबायचं, पण पोर जगतंय ना, मग म्हणेना का काहीही. सुंदरबाईची कूस रिकामी होती, याचा विचार मात्र त्या शहाण्या घरात कुणाला शिवला नाही.

भिकन जगला, पलटणीत गेला आणि एकाहत्तरच्या लढाईत मेला. तार आली, गाव ताईबाईच्या दारात रडलं. तारेवर नाव कुणाचं हे कुणी पाहिलं नाही; त्या रडारडीत ती कुठे गेली कोण जाणे, आणि तिच्याबरोबर त्याचा पलटणीतला नंबरही गेला. ताईबाईला फक्त त्याची पेटी हवी होती. तिच्यात त्याचे कपडे असतील, अजून अंगाचा वास असेल.

दीड वर्ष ती अमळनेरहून गाडीने जळगावच्या फौजेच्या कचेरीत खेटे घालत होती. दोनदा उत्तर आलं, ताईबाईचा मुलगा भिकन असा शिपाई दप्तरात नाही. तिसऱ्यांदा कारकुनाने गावाच्या नावावरून शोध घ्यायला लावला आणि कागद सापडला. आईच्या रकान्यात सुंदरबाई. भरतीच्या साहेबाने चारचौघांत विचारलं असणार, पोराच्या तोंडून सवयीचं नाव निघालं. कागदामागोमाग पेटीही आली.

"त्या बाईंना घेऊन या. त्यांनी खरं सांगितलं की कागद दुरुस्त करू," कारकून म्हणाला.

ताईबाईने सुंदरबाईचे पाय धरले. सुंदरबाई ठेवणीतलं लुगडं नेसून निघाली. ताईबाईला वाटलं, झालं काम.

पेटी कचेरीच्या कोपऱ्यात होती. कारकुनाने विचारलं, "भिकन तुमचा कोण?"

"मना आंडोर शे, मना पोऱ्या," सुंदरबाई म्हणाली.

"अक्का, नऊ महिना मना पोटमा व्हता तो."

"मंग इका कसाले? मनी जवारी कोनी खादी?" पोर विकल्याचा हा सवाल सुंदरबाईने वीस वर्षं दाताखाली धरून ठेवला होता. तिच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता.

कारकून वैतागला. "वाद असेल तर पेटी परत जाईल. मग ती दोघींनाही नाही."

ताईबाई पेटीकडे बघत राहिली. परत गेली तर कायमची गेली. शेजारी राहिली तर निदान मधे एक भिंतच.

"लिखा, तिनाच," ती म्हणाली.

ओळख पटवणारा साक्षीदार लागत होता. कारकुनाने ताईबाईचाच अंगठा शाईत धरला. "मयताशी तुमचं नातं?"

"काकी," ताईबाई म्हणाली.

परतीच्या गाडीत पेटी दोघींच्या पायाशी होती. जळगाव मागे पडल्यावर ताईबाईने हळूच वाकून झाकणावर हात ठेवला. सुंदरबाईने तो उचलून तिच्या मांडीवर ठेवला आणि पेटी स्वतःच्या बाजूला ओढून घेतली.