घशातली कोय

शू वानछिंगच्या घशात तीन आठवडे आलुबुखाराची कोय अडकल्यासारखं वाटत होतं. गिळता येईना, खाकरून निघेना. परीक्षा दहा दिवसांवर आलेली. पुस्तक उघडलं की छाती धडधडायची आणि अक्षरं डोळ्यांपुढून सरकून जायची. कॉलेजच्या समुपदेशकाकडे जायचा तिला धीर नव्हता. तो घरी फोन करणार, घरचे वर्षभर सुट्टी घ्यायला लावणार, गावभर बोभाटा होणार, असं तिने मनाशी धरलं होतं. म्हणून छांगशा शहरातल्या जुन्या गल्लीत, नाडी पाहून काढे देणाऱ्या वेईबाईंच्या दवाखान्यात ती नुसता घसा दुखतो म्हणून गेली.

वेईबाईंनी आधी एका, मग दुसऱ्या मनगटावर तीन बोटं टेकवली. जीभ पाहिली. झोप, भूक, पाळी, सगळं विचारलं. वानछिंग तुटक उत्तरं देत राहिली. बाईंची बोटं मनगटावरून हलेनात, तसा तिला घाम फुटला. नाडीत यांना काय काय कळतंय कोण जाणे.

"घशाला काही झालेलं नाही," बाई म्हणाल्या. "मन कोंडलंय तुझं. जीव द्यावासा वाटतो का गं पोरी?"

खोटं बोलायचं ती ठरवूनच आली होती. पण तोंडातून निघालं, "सहाव्या मजल्यावर कपडे वाळत घालायला जाते ना, तेव्हा. परवापासून जाणंच बंद केलंय."

बाईंनी काढ्याची चिठ्ठी लिहिली. "याने घसा मोकळा होईल. पण एवढ्यावर तुला सोडायची नाही मी. मोठ्या इस्पितळात मनाचे डॉक्टर आहेत. चल, आत्ताच."

"घरी कळेल."

"कळू दे. आईशी मी बोलते."

रांगेतल्या लोकांना उद्या यायला सांगून बाईंनी दार ओढून घेतलं. दोघी बसमध्ये बसल्या. दोनदा वानछिंग उतरायला उठली आणि दोन्ही वेळा बाईंनी तिला दंडाला धरून बसवलं. बाईंनी फोनवर आईला सगळं सांगितलं. आईने इस्पितळाचा पत्ता विचारला आणि संध्याकाळच्या गाडीने येऊन थडकली.

परीक्षा बुडाली, वर्ष गेलं, गावात कुजबुजही झाली. सकाळी इस्पितळाच्या गोळ्या, संध्याकाळी कडूजहर काढा. वसंतात तिला पहिल्यांदा सलग झोप लागली. सप्टेंबरात कॉलेजात परतून ती वर्षाने धाकट्या मुलांच्या वर्गात जाऊन बसली तेव्हा छाती पुन्हा धडधडत होती, पण तास संपेपर्यंत ती उठली नाही.