वीस वर्षांची कॅरव्हॅन

आमच्या पार्कचा नियम साधा आहे. कॅरव्हॅन, म्हणजे सुट्टीसाठी इथं कायमचं उभं केलेलं चाकांवरचं घर, वीस वर्षांची झाली की जागा सोडायची, मग ती आतून कितीही लख्ख असो. नवी घ्या, नाहीतर चालू लागा. यॉर्कशरच्या या किनाऱ्यावर ज्यानं कोणी कॅरव्हॅन घेतली त्याला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं, आणि तरी प्रत्येकाला वाटतं, आपलं अजून पुष्कळ आहे.

विल्फ आणि एनिड माझे शेजारी. आमच्या दोन दारांमध्ये जेमतेम कपड्यांची एक दोरी मावेल. वसंतात, ईस्टरला पार्क उघडलं तेव्हाच मॅनेजरनं विल्फला बाजूला घेऊन सांगितलं की तुमचा हा शेवटचा हंगाम. नवी घ्यायची दोघांची ऐपत नव्हती. विल्फनं हे मला सांगितलं, बायकोला नाही. तिचा उन्हाळा कशाला नासवायचा, म्हणाला. तिच्या कानावर घाल बाबा, असं मी त्याला दोनदा बजावलं. तो मान हलवायचा आणि बाहेर खुर्ची टाकून बसायचा. त्या वर्षी तो फार बसायचा, पाऊस असला तरी रेनकोट घालून, समुद्राकडे तोंड करून. एनिड आतून हाक मारायची, "अरे, समुद्र काय पळून चाललाय? आत ये, चहा गार होतोय."

मला मात्र त्याच्या त्या बसण्याचा रागच यायचा.

ऑक्टोबर संपता संपता पार्क बंद होतं. त्या दिवशी कॅरव्हॅन थंडीसाठी तयार करायची असते. पाइपांतलं पाणी सगळं काढून टाकायचं, नाहीतर ते गोठून पाइप फुटतात. गाद्या उभ्या करायच्या, ओल धरू नये म्हणून कोपऱ्यांत मिठाच्या वाट्या ठेवायच्या. एनिड हे सगळं गुणगुणत करत होती. दोन दिवसांत भंगारात जाणाऱ्या कॅरव्हॅनच्या खिडक्यांच्या फटी ती मन लावून पुसत होती. विल्फ दारात नुसता उभा. तिनं त्याला पडदे काढून दे म्हटलं, घरी नेऊन धुते, वसंतात पुन्हा लावू. ते त्याच्याच्यानं झालं नाही. तो पायरीवर बसला आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. मी माझ्या नळाशी होते, मला शब्दन्‌शब्द ऐकू आला.

एनिडनं आवाज चढवला नाही. "कधीपासून ठाऊक आहे तुला?"

"ईस्टरपासून. तुझा उन्हाळा खराब होऊ नये म्हणून गं."

ती बराच वेळ फडकं पिळत राहिली. "या वर्षी मी एकदाही खाली वाळूवर गेले नाही, विल्फ. गुडघा दुखतोय, पुढच्या वर्षी जाऊ म्हटलं. बहिणीला ये म्हणाले नाही, पुढच्या वर्षी बोलवू म्हटलं. तू रोज बाहेर बसून सगळं डोळ्यांत भरून घेतलंस. मला नसतं का घ्यावंसं वाटलं?"

विल्फ पायरीवरून उठला. चल, आत्ता जाऊ खाली, मी धरतो तुला, एवढंच तो म्हणाला. ती निघाली, त्याच्या दंडाला धरून, दर चार पावलांवर थांबत. वाईट याचं वाटतं, की भरती होती. पाणी कड्याला भिडलं होतं, वाळूवर उतरणाऱ्या खालच्या पायऱ्या बुडालेल्या. ओहोटीला रात्र झाली असती, आणि पार्कचं गेट संध्याकाळीच बंद होणार होतं. ती वरच्याच पायरीवर उभी राहिली. विल्फनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. तो तिनं झटकला नाही, पण त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही.