सहा खुर्च्यांची गल्ली

नाल्याच्या अलीकडे राहायचे ते बोटीवाले आणि पलीकडे राहायचे ते खिंडीवाले. दोघांचेही पणजे पोटामागे या गावात आलेले, एकांचे समुद्रावरून, दुसऱ्यांचे डोंगरातली खिंड ओलांडून. गावानं दोघांनाही एकाच नजरेनं पाहिलं आणि धुण्याच्या, ओझ्याच्या, भट्टीच्या कामाला लावलं. आता त्यांची पतवंडं इथंच जन्मून इथंच म्हातारी व्हायला लागली होती, तरी नाव काही सुटलं नव्हतं. बोटीवाल्यांपैकी एकानंही उभ्या आयुष्यात बोट पाहिलेली नव्हती.

काकू बोटीवाल्यांतली. गावातल्या मोठ्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालायची. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तापलेल्या रुळांमधून कडक होऊन बाहेर यायच्या, आणि त्या दोघींनी दोन बाजूंनी धरायच्या असत. काकूच्या समोर कित्येक वर्षं एकच बाई, पलीकडची, खिंडीवाल्यांची. अंगानं ती एकटीच दोन माणसांची, म्हणून सगळे तिला बारकी म्हणायचे. चार कोपरे धरायचे, एकमेकींकडे चालत यायचं, टोकं हातात द्यायची, मागे सरायचं. दिवसभर इतक्या वेळा समोरासमोर आल्यावर माणसाचं लपून काय राहणार? बारकीच्या नवऱ्याचा दम्याचा जोर किती आहे, हे काकूला तिच्या डोळ्यांवरून कळायचं.

दोन्हीकडच्या बाया कामाला जाऊ शकत होत्या त्या पाळणाघरांच्या जिवावर. नाल्याच्या दोन्ही बाजूंना पालिकेचं एकेक पाळणाघर होतं. काकूचा मुलगा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, महिन्यातून दोनदा तोंड दाखवायचा. सून शिलाईच्या कारखान्यात होती आणि नुकतीच कापड बेतायच्या टेबलावर चढली होती. तिथपर्यंत पोचायला तिला किती बोलणी खावी लागली, ते तिचं तिला ठाऊक. दीड वर्षाची नात सकाळी पाळणाघरात गेली की दोघी आपापल्या वाटेनं सुटायच्या. पाळणाघर गेलं तर दोघींपैकी एकीनं घरी बसायचं, आणि काकूचे गुडघे काही मुलामागे धावायच्या कामाचे राहिले नव्हते. म्हणजे बसायचं कुणी, ते उघडच होतं.

आणि पालिकेनं तेच ठरवलं. दोन पाळणाघरं परवडत नाहीत, एक बंद होणार. कुठलं, ते चौकशी करून ठरणार. बोटीवाले आणि खिंडीवाले, दोघांत कुणाचं बरं चाललंय ते घरोघरी जाऊन बघायचं, आणि ज्यांचं बरं चाललंय त्यांचं पाळणाघर काढायचं. चौकशीसाठी पालिकेनं माणूस नेमला तो काकूचा पुतण्या.

गल्लीला तेव्हा काय आनंद झाला म्हणता. दीर-जाऊ लवकर गेल्यामुळे हे पोर काकूच्याच हाताखाली वाढलं होतं. लहानपणापासून उलटे प्रश्न विचारायचं, म्हणून गल्लीनं त्याचं नाव वकील ठेवलं होतं. पुढे तो वकील झाला नाही, भलतंच काहीतरी शिकून पालिकेच्या अभ्यास विभागात चिकटला, पण अजून कच्चाच होता, कायम झाला नव्हता. "आपला वकील आहे म्हणजे निकाल खिशात," असं पाणी भरता भरता बाया बोलू लागल्या.

"आमच्याकडे तर सामान हलवायला सुरुवात झालीसुद्धा," बारकी चादरीच्या पलीकडून म्हणाली. "शिलाई मशीन दिराच्या गोदामात. टीव्ही माळ्यावर. कुणी विचारलं तर नाही म्हणायचं, ही आमची जुनीच रीत. आहे म्हटलं की दृष्ट लागते. तुम्हीपण हलवा काहीतरी."

"आम्हाला काय गरज?" काकू म्हणाली. "घरचा माणूस आहे. त्याला काय माहीत नाही आमचं?"

बारकीनं नुसतं हूं केलं आणि टोकं हातात दिली.

आता बोटीवाल्यांची रीत सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच अडलं. त्यांच्यात परक्या माणसासमोर नाही हा शब्द काढायचा नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्यांना आईच्या दुधाबरोबर मिळालेलं. गल्लीत मिळून चांगल्या खुर्च्या सहा, त्याही तीन घरांच्या. एक भिंतीवरचं घड्याळ, एक टेबलफॅन, काचेच्या ग्लासांचा एक संच, एक गालिचा. ज्याच्या घरी परका पाहुणा यायचा त्याच्या घरी हे सगळं मागच्या दारानं जाऊन बसायचं. मुलगी बघायला आले तरी हेच, शाळेचे मास्तर आले तरी हेच. पाहुणा गेला की वस्तू आपापल्या घरी. कुणी कुणाला याबद्दल चकार शब्द विचारायचं नाही. आणि या खुर्च्या डोक्यावर घेऊन मागच्या बोळातून पळणाऱ्या पोरांत सगळ्यात चपळ कोण होता? वकील.

चौकशीच्या आधी तो एकदा घरी आला. पाटावर बसून नेहमीसारखा जेवला, दुसऱ्यांदा भात मागून घेतला.

"काकू, एक सांगायचं होतं," तो म्हणाला. "माझ्याबरोबर वरचे साहेब येणार आहेत. घरं जरा नीटनेटकी दिसू देत. नेहमीसारखी."

"म्हणजे गरिबी दाखवायची नाही? अरे, पण चौकशी तर त्याचीच ना?"

"त्या मोजणीचं मी बघतो ना. साहेबांसमोर आपली माणसं अगदीच ही वाटायला नकोत. माझी कायमची नेमणूक त्यांच्याच हातात आहे. एवढं कर माझ्यासाठी."

काकूला ते मनापासून पटलं. पोराला चारचौघांत आपली लाज वाटू नये, यात वावगं काय? तिनं स्वतः दारोदार जाऊन सांगितलं. दोघी-तिघींना शंका आली. कोपऱ्यावरची शिंपीण तर स्पष्टच म्हणाली, "पाळणाघर हवं असेल तर फाटकं दाखवावं की नवं?" काकूनं तिला गप्प केलं. "तो बघतो म्हणालाय. माझ्या शब्दावर करा." काकूच्या शब्दाला गल्लीत वजन होतं. सगळ्यांनी केलं.

चौकशीच्या दिवशीची धावपळ बघून कुणालाही हसू आलं असतं. साहेब पुढच्या दारानं एका घरातून निघायचे आणि खुर्च्या मागच्या बोळातून पुढच्या घरात शिरायच्या. एके ठिकाणी खुर्ची मागच्या दारात अशी अडकली की ती निघेपर्यंत शेजारणीनं साहेबांना रस्त्यातच थांबवून तीन वेळा पाणी पाजलं. घड्याळ एका घरात उलटं टांगलं गेलं. साहेब गोरेगोमटे, घामेजलेले, प्रत्येक घरात टेबलफॅनसमोर बसून "वा, छान ठेवलंय" म्हणायचे. वकील शेजारी बसून लिहायचा. काकूच्या घरात तो नेमका त्या खुर्चीवर बसला जिच्या हातावर लहानपणी त्यानं खिळ्यानं रेघोट्या मारून काकूचा मार खाल्ला होता. त्यानं त्या रेघोट्यांवरून बोट फिरवलं आणि काकूकडे बघून हळूच हसला. काकूचं काळीज सुपाएवढं झालं.

निकाल पालिकेच्या सभागृहात वाचला गेला. अलीकडचे एका बाजूला, पलीकडचे दुसऱ्या बाजूला, मधून जायला वाट. काकू पुढच्या रांगेत बसली होती, शेजारी सून नातीला मांडीवर घेऊन. वकील नवा शर्ट घालून उभा राहिला आणि त्यानं खड्या आवाजात वाचायला सुरुवात केली. दोन्ही समाज साधारण एकाच काळात आले, एकाच प्रकारच्या कामाला लागले, असं म्हणत म्हणत तो मुद्द्यावर आला. बोटीवाल्यांच्या प्रत्येक घरात बैठकीच्या सहा खुर्च्या आढळल्या. प्रत्येक घरात भिंतीवरचं घड्याळ, पंखा, गालिचा. खिंडीवाल्यांच्या घरांत बसायला चटईपलीकडे काही आढळलं नाही. तेव्हा बोटीवाल्यांची स्थिती पुष्कळच बरी असून पाळणाघराची खरी गरज पलीकडे आहे; अलीकडचं उद्यापासून बंद.

काकूला आधी वाटलं, पुढे काहीतरी येईल. पण, तथापि, असं काहीतरी हे शिकलेले लोक लावतात तसं. पुढे काही आलं नाही. त्यानं कागद घडी करून खाली ठेवला.

पायांखालची जमीन सरकते म्हणजे काय होतं, ते तिला त्या क्षणी कळलं.   पलीकडच्या बाजूला बारकी मान खाली घालून पदराच्या टोकाशी चाळा करत होती.

काकू उठली. ज्या गोष्टी गल्लीनं तीन पिढ्या झाकून ठेवल्या, त्या ती भर सभेत बोलली. "साहेब, त्या खुर्च्या सगळ्या मिळून सहाच आहेत. आख्ख्या गल्लीत. घड्याळ एकच आहे, पंखा एकच आहे. तुम्ही पुढच्या दारानं निघालात की आम्ही मागच्या दारानं न्यायचो. आमची रीत आहे ती. या पोराला विचारा. लहानपणी यानंच वाहिल्यात त्या."

सभागृहात कुणीतरी फिस्सकन हसलं, मग आणखी चारजण. मागून शिंपीण दबक्या आवाजात म्हणाली, "बसा ओ काकू, अब्रू काढताय का सगळ्यांची?" साहेबांनी वकिलाकडे बघितलं. एवढा एक क्षण होता. काकूनं त्याच्याकडे असं बघितलं जसं त्याला ताप असताना ती रात्रभर बघत बसायची.

वकिलानं घसा साफ केला. "अशी काही रीत माझ्या पाहण्यात आलेली नाही," तो म्हणाला. "निर्णयामुळे नाराजी होणं स्वाभाविक आहे. बाई, आपण बसून घ्या."

काकू बसली. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं तिची आई म्हणायची. पण दांडा निदान लाकडाचा असतो. त्याला कुणी दुसऱ्यांदा भात वाढलेला नसतो.

सभा उठल्यावर बाया तिच्या अंगावरून निघून गेल्या. एकीनंही थांबून चौकशी केली नाही. त्यांच्या दृष्टीनं हिशोब सरळ होता: घरं सजवायला सांगितली काकूनं, पाळणाघर घालवलं काकूच्या पुतण्यानं, आणि वर चारचौघांत गल्लीची लक्तरं काढली तीही काकूनंच.

पायऱ्यांशी तो तिला गाठायला आला. साहेबांची गाडी निघून गेली होती.

"काकू, समजून घे. मी आपल्यांच्या बाजूनं काही लिहिलं असतं तर म्हणाले असते, आपल्या माणसांना झुकतं माप दिलं. मला तसं करून चाललं नसतं."

"झुकतं कशाला? सरळ द्यायचं होतंस."

"जे दाखवलं ते लिहिलं मी."

"दाखवायला कुणी सांगितलं होतं रे?"

 वकील चप्पल जमिनीवर घासत राहिला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "हे बघ, पलीकडच्या पाळणाघरात बाहेरच्यासाठी एक जागा ठेवता येते. माझ्या शिफारशीनं. आपल्या पिल्लूला तिथं घालू. कुणाला बोलायची गरज नाही."

काकूला त्या क्षणी त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. एकटीला जागा. आख्ख्या गल्लीची पोरं रस्त्यावर आणि आपली एकटी नात नाल्यापलीकडे.

"नको," ती म्हणाली. "तुझी भीक नको आम्हाला. जा तू."

"भाऊजी," मागून सून म्हणाली.

काकूनं वळून बघितलं. सून पोरीला कडेवर घेऊन उभी होती. 

"भाऊजी, नाव लिहा तिचं. मी उद्यापासून आणून सोडते."

"अगं, काय बोलतेस तू? गल्लीला तोंड कसं दाखवायचं?"

"तोंड दाखवून काय मिळालं, आई?" सून म्हणाली. "मला ते टेबल सोडायचं नाही. तुम्हाला काय म्हणायचंय ते घरी म्हणा, मी ऐकून घेईन." आणि तिनं वकिलाला पोरीचं पूर्ण नाव सांगितलं, सावकाश, त्याला लिहून घेता येईल असं.

 घरी आल्यावर सून चुकली असं काकूला मनापासून म्हणता येईना, आणि हेच तिला जास्त लागलं. पुतण्याला शिव्या तरी देता येत होत्या.

सकाळी सून निघाली. गल्लीतून नाल्याच्या पुलापर्यंत दुसरी वाट नव्हती. दारादारांत बाया उभ्या होत्या, कुणाच्या कडेवर मूल, कुणाच्या पदराला धरून मूल. कामाची वेळ झाली होती आणि कुणीही कामावर निघालेलं नव्हतं. काकू पोरीच्या दुपट्यांची पिशवी घेऊन सुनेच्या मागून चालू लागली. गुडघे दुखत होते, तरी ती थांबली नाही. सुनेच्या खांद्यावरून नात मागे बघत होती. रोजच्या ओळखीचे चेहरे दिसताच ती खूश झाली आणि एकेका दाराकडे बघून टाटा करत राहिली. एकाही दारातून हात हलला नाही.